फ्रेझरचा बंगला, हिंदूरावाचं नाव

पुलबंगश मेट्रो स्थानकातून बाहेर पडलात की ई-रिक्षावाल्यांचा पुकारा कानावर येतो, ‘बाडा हिंदूराव, बाडा हिंदूराव!’ जुन्या दिल्लीच्या त्या कोलाहलात हे नाव ऐकून मराठी माणूस थबकतोच. हे राव इथं कुठून उपटले? तुम्ही रिक्षात बसता. गल्ल्या मागं पडतात, चढ लागतो, मोटर कण्हते आणि टेकडीच्या माथ्यावर तुम्हाला उतरवलं जातं ते हिंदूराव रुग्णालयाच्या फाटकाशी. पर्चीच्या खिडकीवर रांग आहे, कडेला डबा उघडून बसलेले नातेवाईक आहेत. आवारात फिरोजशहा तुघलकाच्या काळची एक पडकी इमारत आणि एक खोल बावडी. जवळच रस्त्याच्या कडेला अशोकाचा स्तंभ. फिरोजशहानं तो मेरठहून उचलून आणला होता. थोडं पुढं गेलात तर १८५७ च्या लढाईचं इंग्रजांनी बांधलेलं टोकदार स्मारक, त्याचं आता ‘अजितगड’ झालंय. एवढ्या सगळ्या इतिहासाच्या गर्दीत एक खून दडपून गेलाय. तो पाहायचा तर मागं जायला हवं.

चला. रुग्णालयाचे मजले एकेक करून उतरतात. १९११ च्या अलीकडचं सगळं गेलं. १८६७ साली उभा केलेला अशोकस्तंभ पुन्हा आडवा होतो, पाच तुकड्यांत. फर्रुखसियरच्या अमदानीत दारूच्या स्फोटानं तो फुटला होता. त्यावरची अक्षरं आज दिल्लीतच काय, जगात कुणालाही वाचता येत नाहीत. प्रिन्सेपला ब्राह्मी उलगडायला अजून दोन वर्षं आहेत. अजितगड नाही, बाडा नाही, हिंदूरावही नाही. उघडाबोडका खडकाळ माथा, बाभळीची खुरटी झुडपं आणि एक ऐसपैस नवा बंगला. समोर उतरणीखाली शहराचा तट, जामा मशिदीचे घुमट, त्यापलीकडं यमुना. पाठीमागं, टेकडीच्या उत्तरेला, कंपनीच्या फौजेची छावणी.

आज रविवार, २२ मार्च १८३५. होळी होऊन आठवडा उलटलाय, उन्हाला नुकती धार येऊ लागलीय.

बंगल्याचा धनी घरात नाही. तो शहरात किशनगढच्या राजाकडं जेवायला गेलाय, एवढं तुम्हाला ओसरीवरच्या नोकरांच्या बोलण्यातून कळतं. धनी म्हणजे विल्यम फ्रेझर, दिल्लीतला कंपनी सरकारचा सर्वांत मोठा अधिकारी. स्कॉटलंडहून पोरवयात आला, १८०५ मध्ये दिल्लीत रुजू झाला आणि इथलाच झाला. गोमांस सोडलं, डुकराचंही सोडलं. मिशा रजपुती. सिंहाची शिकार भाल्यानं करायची हौस. हरियाणातल्या एका गावी त्याच्या बायका आणि बरीचशी मुलं. याच फ्रेझरकडं पाहुणचार घेऊन गेलेला व्हिक्तोर जाकमाँ नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्याविषयी थक्क होऊन लिहून गेला. तो जाकमाँ पुढं फिरत फिरत आपल्या मुंबईत आला आणि १८३२ मध्ये तिथंच वारला.

अशा साहेबांवर हल्ली आपला जीव फार लवकर जडतो. पायजमा घातला, फारसी बोलला, की झाला आपला. जरा दमानं घ्या. फ्रेझर हा वसुलीच्या कामात मुरलेला अधिकारी होता, मानी होता, आणि कुणाची जहागीर कुणाला मिळावी याबाबत आपला शब्द चालतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज रात्री जे होणार आहे त्याचं मूळ त्याच्या मिशांत नाही, एका वाटणीच्या कागदात आहे.

त्या कागदासाठी आणखी बत्तीस वर्षं मागं डोकावायला हवं. १८०३ पर्यंत दिल्ली दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होती. त्या वर्षी जनरल लेकनं ती घेतली आणि नोव्हेंबरात लासवारीला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्या मोहिमेत अलवारच्या राजाचा वकील लेकच्या खूप उपयोगी पडला. नाव अहमदबक्ष खान. बक्षीस म्हणून कंपनीकडून त्याला फिरोजपूर झिरका मिळालं आणि अलवारच्या राजाकडून लोहारू. म्हणजे शिंदे हरले आणि त्या हरण्यातून एक नवाबी उभी राहिली. अहमदबक्ष १८२७ मध्ये गेला. थोरला मुलगा शमसुद्दीन, एका आईचा. धाकटे दोघे, अमीनुद्दीन आणि झियाउद्दीन, दुसरीचे. फिरोजपूर थोरल्याला, लोहारू धाकट्यांना अशी बापाची वाटणी. थोरल्याला दोन्ही हवं. धाकट्यांची बाजू फ्रेझरनं धरली आणि शमसुद्दीनला आपल्या दारातून परत पाठवलं. लहानपणापासून ज्या घरात मुलासारखं येणं-जाणं, तिथूनच हाकललं गेलं! याखेरीज बाईमाणसावरून वैर होतं अशीही कुजबुज दिल्लीत चालते, पण कुजबुजीला साक्षीदार नसतो. सावत्र भाऊबंदकी एवढं कारण पुरेसं आहे. महाराष्ट्रात राहून ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

अंधार पडलाय. तुम्ही उतारानं शहराच्या दिशेला निघता. वद्य अष्टमीच्या आसपासची रात्र, चंद्र मध्यरात्रीखेरीज वर यायचा नाही. पायाखाली खडी करकरते, मध्येच बाभळीचा काटा वहाणेतून आत येतो. छावणीकडं जाणारा रस्ता आणि बंगल्याकडं वळणारा रस्ता जिथं फुटतो, तिथं एक स्वार दिसतो. घोडा अगदी पायपाय चालवतोय. कुठं पोचायची घाई असलेला माणूस असा चालवत नाही.

हा करीमखान. शमसुद्दीनचा खास माणूस, नेमबाजीत नावाजलेला. कित्येक आठवडे तो दिल्लीत आहे, दर्यागंजमध्ये नवाबाच्या हवेलीत उतरलाय. कुणी विचारलंच तर नवाबासाठी शिकारी कुत्री विकत घ्यायला आलोय, असं सांगतो. मधल्या काळात त्याला संधी मिळाली नाही असं नाही. पण कधी फ्रेझरबरोबर माणसं जास्त, कधी वाट चुकलेली. त्याच्या सोबतीला अनिया नावाचा मेवाती आहे, पायांचा विलक्षण चपळ. तो आत्ता जवळपास कुठंतरी अंधारात असणार. करीमखानाचा नेम चुकला तर पुढचं काम त्याचं.

मागून टापा येतात. दोन घोडे. फ्रेझर पुढं, त्याचा एक स्वार मागं. पोटभर जेवून, गप्पा मारून घरी निघालेल्या माणसाची बेफिकीर चाल. करीमखान घोडा बाजूला घेतो, वाट देतो. अदबीनं वाट देणारा स्वार. त्यात संशय घेण्यासारखं काय? फ्रेझर त्याच्या बरोबरीला येतो आणि एवढ्या जवळून, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावरून, आखूड नळीची बंदूक उडते. ती एकच गोळी टाकत नाही, नळीत भरलेले शिशाचे तुकडे एकदम सोडते. आवाज खडकांवर आपटून परत येतो. जळक्या दारूचा वास. मोकळा घोडा उधळतो. करीमखान टाच मारून शहराकडं सुटलेला असतो आणि मागचा स्वार काय करावं हे न कळून क्षणभर जागीच गोल फिरतो.

फ्रेझर जमिनीवर पडला तेव्हाच संपला होता. बंगल्याचे दिवे इथून दिसतात.

आता तुम्ही तिथं थांबू नका. प्रेताभोवती जमणारी गर्दी सगळीकडं सारखीच असते. पाहण्यासारखं आहे ते पुढच्या दिवसांत, दर्यागंजमध्ये. पानिपतहून एक चोवीस वर्षांचा इंग्रज अधिकारी बातमी कळताच घोडा पिटाळत आलाय. नाव जॉन लॉरेन्स. पुढं हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होणार आहे, पण आत्ता तो फक्त नाक खुपसणारा तरुण आहे. दिल्लीचा मॅजिस्ट्रेट सायमन फ्रेझर, मृताचा आडनावबंधू, तोही आहे. संशय नवाबावर आहे, म्हणून नवाबाच्या हवेलीची झडती. करीमखान तिथंच सापडतो, अगदी साळसूद. घोडाही सापडतो. या घोड्याचे नाल उलटे ठोकले होते, म्हणजे मागावर येणाऱ्याला तो उलट दिशेला गेलाय असं वाटावं, ही गोष्ट पुढं लॉरेन्सच्या चरित्रात मोठ्या चवीनं आली. शिवाजी महाराजांच्या घोड्यांबद्दलही आपल्याकडं हेच सांगतात. खरंखोटं घोडाच जाणे.

खरा पुरावा त्यापेक्षा साधा निघाला. हवेलीत पाण्याची एक चामड्याची बादली पडलीय. झडतीच्या गडबडीत कुणीतरी सहज तिच्यात हात घालतं आणि बोटांना लगदा लागतो. कागदाचे फाडलेले कपटे. शाई बहुतेक धुऊन गेलेली. तुम्ही पुढं सरसावून बघता: ओले कपटे टेबलावर पसरून, कडेला कड लावून जुळवताहेत. एका औषधविक्या साहेबाला बोलावलंय; तो रसायनं लावून पुसट शाई वर आणतो. १८३५ सालात, दिल्लीत, हे चाललंय. फारसी अक्षरं हळूहळू उमटतात आणि नवाबाचं करीमखानाला पत्र वाचता येतं. मजकूर कुत्र्यांचा. तुला ज्या कामाला धाडलं ते अजून का झालं नाही, कुत्री लवकर विकत घे, अशी तगाद्याची भाषा. दिल्लीत चांगली कुत्री मिळायला इतके दिवस लागतात का, हा प्रश्न कुणाच्याही मनात आला असता. तो मॅजिस्ट्रेटच्याही मनात आला.

तरी पत्र म्हणजे खून नव्हे. हत्यार हवं, साक्षीदार हवा. हत्यार दिलं एका गरीब बाईनं. काबुली दरवाज्याजवळच्या विहिरीत तिचं पितळी भांडं पडलं. ते काढायला माणूस उतरला आणि भांड्याऐवजी त्याच्या हाताला बंदूक लागली. तपास म्हणून जे काही पुस्तकांत लिहिलं जातं त्यातला केवढा भाग असा पडलेल्या भांड्यांच्या भरवशावर चालतो!

आणि साक्षीदार, तो अनिया. खुनाच्या रात्री तो पायी धावत सुटला तो थेट फिरोजपूरला. दिल्लीपासून साठेक मैल. बातमी सांगितली. पण पुढं त्याला कुणकुण लागली की एवढं माहीत असलेला माणूस नवाबाला जिवंत नकोय. पुन्हा पळाला. आता नवाबाचीही भीती, सरकारचीही. शेवटी दोन्हीतली कमी घातक बाजू त्यानं निवडली आणि माफीचा साक्षीदार झाला. सगळा खटला उभा राहिला तो या एका धावऱ्याच्या जबानीवर. बक्षीस देऊन कामाला लावलेल्या माणसाला नंतर मारायचा बेत करणं हा केवळ कृतघ्नपणा नव्हता, वेडेपणा होता. नवाबानं करीमखानावर विसंबून केलं ते एवढ्यानं मातीत गेलं.

खटल्यासाठी खास न्यायाधीश नेमला गेला. ऑगस्टात करीमखान फाशी गेला. त्यानं शेवटपर्यंत धन्याचं नाव घेतलं नाही, आणि दिल्लीच्या गल्ल्यांतून लोक त्याच्या थडग्यावर फुलं वाहायला जाऊ लागले. नवाबाचा निकाल लागायला ऑक्टोबर उजाडला.

त्या दिवशी तुम्ही काश्मिरी दरवाज्याबाहेर उभे असाल तर एक मोठी गर्दी आणि तिच्यापेक्षा जास्त शिस्तीत उभी फौज दिसेल. लोक उठाव करतील याची सरकारला धास्ती आहे. पंचविशीतला शमसुद्दीन हिरव्या कपड्यांत आला होता. ते उतरवायला लावले गेले, कारण हिरवा म्हणजे शहिदाचा रंग होईल. वधस्तंभावर चढताना तो डगमगला नाही असं पाहणारे सांगतात. दोरावर देह फिरून त्याचं तोंड पश्चिमेला, मक्केकडं झालं, ही वार्ता संध्याकाळच्या आत शहरभर झाली. दोर पीळ उलगडताना कुठल्यातरी दिशेला थांबणारच, असं त्या दिवशी दिल्लीत मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

हा माणूस क्रांतिकारक होता का? इंग्रजाला मारून फासावर गेला म्हणजे देशासाठीच गेला असा हिशेब आपण हल्ली डोळे मिटून करतो. शमसुद्दीनला कंपनी नको नव्हती, कंपनीच्या शिक्क्यानिशी लोहारू हवं होतं. बापाला ते राज्य मिळालं होतंच मुळी कंपनीच्या चाकरीतून. त्याला शहीद केलं ते दिल्लीच्या लोकांनी, आणि त्यामागं त्यांची स्वतःची कारणं होती: तीस वर्षांपूर्वी आलेले हे लोक आता नवाबालाही खांबावर लटकवू शकतात, हे त्यांनी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं. भीतीला वाट हवी असते. ती थडग्यावरच्या फुलांतून गेली.

या सगळ्यात एका माणसाची विलक्षण कोंडी झाली. मिर्झा असदुल्ला खान गालिब. त्याची बायको अहमदबक्षची पुतणी. वर्षाला साडेसातशे, म्हणजे महिना साडेबासष्ट रुपये पेन्शन, तीही फिरोजपूरच्या जहागिरीतून यायची. आपल्याला कमी मिळतं म्हणून गालिब कलकत्त्यापर्यंत जाऊन दाद मागून आला होता. शमसुद्दीनशी त्याचं वाकडं, फ्रेझरशी मैत्र. फ्रेझर गेला तेव्हा बाप पुन्हा गमावल्यासारखं झालं, असं त्यानं एका पत्रात लिहिलं. नवाब पकडला गेल्यावर मग दिल्लीकरांचं बोट त्याच्याकडंच वळलं: यानंच सांगितलं असणार सरकारला. तुम्ही बल्लीमारानच्या बाजूनं जाल तर त्याच्याकडं पाहून बाजूला थुंकणारी माणसं दिसतील. खबऱ्या असल्याचं सिद्ध कधी झालं नाही, आणि पेन्शन? फिरोजपूर जप्त झालं, लोहारू अमीनुद्दीनला मिळालं, गालिबचे साडेबासष्ट आता सरकारी खजिन्यातून येऊ लागले. छदाम वाढला नाही.

नवाबाच्या मागं एक चार वर्षांचा मुलगा राहिला होता. त्याची आई वझीर खानम पुढं बादशहाच्या मुलाशी लग्न करून लाल किल्ल्यात गेली, आणि तो मुलगा तिथं वाढून उर्दूतला दाग देहलवी झाला. म्हातारपणी निजामाचा उस्ताद म्हणून हैदराबादला राहिला आणि १९०५ मध्ये तिथंच गेला. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात. वंशावळीचं हे टोक आपल्याकडं येऊन टेकतं.

दुसरं टोक टेकडीवर परत नेतं. फ्रेझरचा बंगला विकायला निघतो. खुनाचं घर म्हणून गिऱ्हाईक बिचकावं, पण घेणारा निघाला हिंदूराव. कागलच्या घाटग्यांपैकी, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा. याच कागलकर घाटग्यांच्या घराण्यात पुढं कोल्हापूरचे शाहू महाराज जन्मले. हिंदूरावाची बहीण बायजाबाई. म्हणजे हा दौलतराव शिंद्यांचा सख्खा मेहुणा. दौलतरावांच्या मागं बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार हाती ठेवला, १८३३ मध्ये दत्तक मुलाच्या पक्षानं त्यांना बाहेर काढलं. फ्रेझरचा खून झाला त्याच वसंतात त्या फतेहगडला तंबूत मुक्काम करून आहेत. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटते आणि नऊवारी नेसून घोड्यावर बसायची मराठी तऱ्हा बघून चकित होते. भाऊ दिल्लीत आला आणि टेकडीवर घर घेऊन बसला. तुम्ही आता त्याच्या ओसरीवर उभे राहा. मोठं मन, मोठा खर्च, इंग्रज अधिकाऱ्यांशी उठबस. इथून जी दिल्ली दिसते ती तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्याच्या मेहुण्याची होती. ज्या जहागिरीवरून या घराचा पहिला मालक मेला, ती त्याच मेहुण्याला हरवण्यात मदत केल्याची बक्षिशी होती. हिंदूरावानं हा हिशेब मांडून पाहिला असेल का कुणास ठाऊक. दारातून आत-बाहेर करणाऱ्या साहेबांनी तर मुळीच नाही.

हिंदूराव १८५७ च्या आधीच वारला. घर रिकामं होतं. ८ जूनला इंग्रज फौज टेकडीवर परतली तेव्हा मेजर रीडनं सिरमूर पलटणीचे गोरखे याच घरात घातले, कारण शहराच्या तटाकडं तोंड करून उभी अशी भक्कम इमारत दुसरी नव्हती. पुढचे तीन महिने तोफगोळे याच भिंतींवर येत राहिले. चारशे नव्वद गोरख्यांपैकी तीनशे सत्तावीस मेले किंवा जखमी झाले. त्या काळात खाली शहरात काश्मिरी दरवाज्याजवळ सेंट जेम्स चर्चच्या आवारात फ्रेझरची संगमरवरी कबर होती, त्याचा जिवलग मित्र कर्नल जेम्स स्किनरनं बांधलेली. ती फोडली गेली. मॅजिस्ट्रेट सायमन फ्रेझर, ज्यानं बादलीतले कपटे जुळवले होते, तो एव्हाना दिल्लीचा कमिशनर झाला होता. ११ मेच्या सकाळीच किल्ल्यात मारला गेला. एकाच वेळी एका फ्रेझरची कबर फुटत होती आणि त्यानंच बांधलेल्या भिंतींआडून त्याचे देशबांधव जीव वाचवत होते.

१८५८ मध्ये फेलिचे बेआतो कॅमेरा घेऊन आला आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या त्या घराचा फोटो काढून गेला. इंग्रजांच्या नकाशांत, पलटणीच्या इतिहासांत, रीडच्या अहवालांत ते सगळीकडं हिंदूरावाचं घर म्हणूनच आलं. गोरख्यांच्या पलटणीचं ते सर्वांत मानाचं नाव ठरलं, आणि ज्याचं नाव, तो ना त्या खुनात होता ना त्या लढाईत. पैसे मोजून घर घेतलं होतं, एवढंच.